आठ बाय दहा

देव, लग्नं आणि गेलेली माणसं,
शहापूरच्या खडे बाजारात माझ्या दुकानी
एवढंच येतं चौकटीत बसायला.
देवांना सोनेरी पट्टी, लग्नांना कोरीव,
गेलेल्यांना काळी, अर्ध्या इंचाची,
आणि वर हारासाठी एक खिळा जास्त.

देसूरकर सुभेदार आले ते बुटाचं खोकं घेऊन.
आत कापूस, डांबरगोळ्यांचा वास
आणि कापसावर ते,
माझ्या उघड्या तळहाताहून मोठं.
वरचे पंख भिजलेल्या कोळशासारखे.
खालचे पिवळे. हळदीचे नव्हेत,
हळद उतरल्यावर दुसऱ्या दिवशी
नवरीच्या नखांत उरतं, ते पिवळं.

"निकोबारचं आहे. लाटेच्या साली
आमची तुकडी गेली होती तिकडं.
काच चांगली घाला."

मी माप घेत होते. माप घेताना माणसं बोलतात.
म्हणाले, एक म्हातारी होती,
तिची भाषा आमच्यातल्या कुणालाच येत नव्हती.
मला हसू आलं. आम्ही बेळगावची माणसं,
आम्हांला नको तिथं हसू येतं.
पोरगी गेलेली तिची. घर गेलेलं.
माड मुळासकट आडवे,
आणि ही रोज सकाळी आमच्या टँकरचं पाणी
वाटीत घेऊन दगडावर ठेवायची,
स्वतः प्यायच्या आधी.
आम्ही ओरडायचो. पाणी मोजून होतं.
मग एकदा हे येऊन बसलं वाटीच्या काठावर.
तिनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बोट केलं,
मग तेच बोट
स्वतःच्या पोटावर ठेवलं.

"मग?"
"मग काय. माझी बाटली रिती केली वाटीत."

निघायच्या दिवशी जेट्टीवर पडलेलं मिळालं.
तेच की दुसरं, कोण सांगणार.
तेव्हापासून ट्रंकेत, पदकांच्या खाली.

मी विचारलं, खाली पाटी हवी? नाव काय घालू?
"फुलपाखरू," ते म्हणाले, पण असं
की कुणाच्या पोरीला मोघम हाक मारावी.
शेजारची ईरव्वा चहा घेऊन आली होती,
वाकून बघत म्हणाली, "पातरगित्ती री."
काच पुसणारी मालू, कणकुंबीची,
हात न थांबवता म्हणाली, "पिसोळं."
मी गप्प. माझ्या दुकानाची पाटी
आजवर तीनदा रंगवून झालीय,
मी आता नावांच्या भानगडीत पडत नाही.

"आमच्याकडं असतात की असली," मालू म्हणाली.
"असली?"
"असलीच. काळी न पिवळी. श्रावण सरताना
देवळामागं, सुपारीच्या वरनं जातात.
आजा दगड मारू देत नाही."

सुभेदार खुर्चीत बसले.
मागच्या गल्लीत माग चालू होते, खटक खट, खटक खट.
चहावर साय धरली.
मग त्यांनी मालूलाच विचारलं,
वरच्या हुद्द्याच्या माणसाला विचारावं तसं:
"एवढ्या लांब येत असतील का ती?"

मालू काचेवर हा करून फुंकली, पुसली.
"वाटी ठेवून बघा की."

पंधरा दिवसांनी आले.
पोटऱ्यांवर जळवांचे डाग.
"दिसलं?"
"धुकं होतं. एक गेलं लांबून.
पान असेल."
राहिलेले चाळीस रुपये दिले,
चौकट मात्र नेली नाही.
"असू दे थोडे दिवस. परत जायचंय.
वाटी विसरलो होतो."

तेव्हापासून ती इथंच आहे, गणपती आणि
कुणाच्यातरी साखरपुड्याच्या मधे.
साधं सागवान, पॉलिश न केलेलं.
पाटीची जागा कापून ठेवलीय, कोरी.
गिऱ्हाईक विचारतात, हे कोण?
मी म्हणते, सुभेदारांचं आहे.

वर हाराचा खिळा मारायचा की नाही,
ते मात्र अजून
माझं ठरत नाही.